भुताला घाबरत नाही आणि अवकाशात झोप येते, पावसाळ्यात बघू तरी काय?

खाडीपलीकडचा:
नमस्कार मंडळी. मी काही पिक्चरमधला जाणकार वगैरे नाही, आंब्याचा सीझन आटपला की पावसाळ्यात वेळच वेळ असतो तेव्हा बघणारा माणूस. तालुक्याचं थेटर बंद पडून जमाना झाला, आता तिथे लग्नं लागतात. त्यामुळे मोबाईल नाहीतर भावाने मुंबईहून आणलेला टीव्ही, ते पण लाईट असेल तर.

प्रॉब्लेम असा की हॉरर बघून मला भीतीच वाटत नाही. इंग्रजी हॉररमधे एक फॅमिली नवीन घरात येते, दार करकरतं, माळ्यावर आवाज येतो आणि सगळे बोंबलत सुटतात. अरे आमच्या माळ्यावर रोज आवाज येतो, उदमांजर असतं. दार तर पावसात फुगून करकरणारच. आणि चकवा, गिऱ्हा, मुंजा हे सगळे आजीने जेवताना भरवलेत, तिकडची भुतं त्यापुढे फारच शिकलेली वाटतात. सायफाय लावला की अर्ध्या तासात घोरायला लागतो, नुसते चकचकीत बोळातून चालतात आणि बटणं दाबतात. ऍक्शन आवडते पण हल्ली हिरो शंभर माणसं लोळवतो, अख्खं शहर कोसळतं, आणि कुणाला लागलंय असं वाटतच नाही.

आणि तरी १९९३ चा झपाटलेला आम्ही गणपतीत भाड्याचा व्हीसीआर आणून बघितला त्या रात्री वाडीतलं एकही पोर एकटं परसाकडे गेलं नव्हतं. तात्या विंचू हा रामदास पाध्यांचा बाहुला आहे हे माहीत होतं बरं का! ते आता का होत नाही? माझं वय झालं की पिक्चर बिघडले?

रापणकर:
दोन्ही 😄
दादा, जॉज बघितलाय का, १९७५ चा, स्पीलबर्गचा? जुना आहे म्हणून सोडू नका. शार्क पूर्ण दिसायलाच तास उलटून जातो, तोवर नुसतं पाणी आणि ते म्युझिक. आता गंमत ऐका, हे काही त्याने ठरवून केलं नव्हतं. यांत्रिक शार्क बनवला होता, पण स्पीलबर्ग तलावाबिलावात न जाता खऱ्या समुद्रात शूटिंग करायचं म्हणून बसला हट्ट धरून, आणि खाऱ्या पाण्याने मशीनची वाट लागली. ५५ दिवसांचं शूटिंग १५९ दिवस चाललं. आता शार्कच चालत नाही म्हटल्यावर दाखवणार काय, मग पाणी दाखवलं. आमच्या होडीच्या इंजिनाला खारं काय करतं ते मला विचारा, पण आमचं इंजिन बिघडल्यावर कोणी मास्टरपीस म्हणत नाही.
मी जॉज बघून दुसऱ्या दिवशी रापणीचं जाळं ओढायला गेलो तेव्हा कमरेच्या वर पाण्यात जायला कां कू करत होतो. वीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस मी.

तिरफळ:
माका इचारलास तर मोबायलार हॉरर बघूचोच नाय. अर्धी भीती आवाजात आसता, आणि तू बघतलंस पत्र्यार पाऊस पडताना, मगे काय आयकाक येतला कपाळ? आमच्या जत्रेक आडदशावताराच्या नाटकात संकासुर राक्षस येयचो, काळो झगो, तोंडार काळो बुरखो. आतमदी शेजारचो काको आसा ह्या सगळ्यांका म्हायत, तरी पोरां आवशीचो पदर सोडीत नसत. तुझो तात्या विंचू तसोच. रातीचो, हेडफोन घालून, एकटो बघ आणि मगे सांग.

घाटावरून_कोकणात:
कोकणातले लोक तुंबाड कसा विसरले? २०१८ ला आला तेव्हा फार कोणी गेलं नाही, २०२४ ला परत लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. खऱ्या पावसात शूट केलाय त्यामुळे ओल अंगाला लागते बघताना, भिंतीला हात लावला तर शेवाळ येईल असं वाटतं. एक बारीक तक्रार, तो वाडा सासवडचा, म्हणजे आमच्या घाटावरचा, नाव मात्र तुमचं झालं.
मुंज्या पण बघितला, २०२४ चाच. मजा आली, हसलो, पण भीती नाही. भूत सगळं कॉम्प्युटरवर केलेलं, आणि जरा जास्तच वेळ समोर नाचतं. वरती शार्कचं जे लिहिलंय ना, त्याच्या नेमकं उलटं.

रापणकर:
@घाटावरून_कोकणात वाडा तुमचा, पाऊस आमचा. मिटलं.
ऍक्शनचं राहिलं. मॅड मॅक्स फ्युरी रोड, २०१५. नामिबियाच्या वाळवंटात खऱ्या गाड्या पळवून आपटल्यात, कॉम्प्युटर आहे पण आपटणं खरं. डायरेक्टर जॉर्ज मिलर मूळचा डॉक्टर, म्हणून असेल, मार बसला की आपल्याला लागतं. स्टोरी विचारू नका, जातात आणि परत येतात.

शिपवाल्याची_लेक:
सायफायमधे झोप येते म्हणालात म्हणून लिहितेय, एरवी मी इथे नुसती वाचते. इंटरस्टेलर मी पण दोनदा अर्धवट सोडलेला. ब्लॅकहोल, ग्रॅव्हिटी, किप थॉर्न नावाचा शास्त्रज्ञ सल्लागार होता, त्याला पुढे २०१७ ला नोबेल मिळालं, ते सगळं राहू दे बाजूला. गोष्ट एवढीच आहे की बाप ड्युटीवर गेलाय आणि पोरगी घरी रुसून बसलीय. एका ग्रहावर सगळं पाणीच पाणी, डोंगराएवढ्या लाटा, आणि तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. तिथून यानात परत येतात तोवर २३ वर्षं गेलेली असतात आणि मग तो बसून मुलांचे साठलेले व्हिडिओ बघतो, ओळीने.
माझे बाबा मर्चंट नेव्हीत होते. नऊ नऊ महिने. आई आमचा आवाज टेपच्या कॅसेटमधे भरून पाठवायची. एकदा ते घरी आले तेव्हा मी त्यांना काका म्हटलं होतं, अजून सगळे चिडवतात. गेल्या वर्षी त्यांच्याबरोबर बसून हा पिक्चर बघितला. तो सीन झाला तेव्हा काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "मागे घे. परत लाव."
आणि हो, त्यातलं मक्याचं शेत खरं आहे, शूटिंगसाठी कॅनडात ५०० एकर लावलं होतं. बागायतदार आहात, एवढ्यासाठी तरी जागे राहाल.

खाडीपलीकडचा:
मंडळी, रिपोर्ट देतो. जॉज बघितला. आई बाजूला वाटाणे सोलत बसलेली, तिचं एकच, "एवढा मोठा मासा आणि होडी एवढीशी नेली? मेल्यांना अक्कल नाही." हे अर्ध्या तासापूर्वीच बोलली आणि पुढे पिक्चरमधला माणूस पण मोठी होडी पाहिजे असंच म्हणतो! तेव्हापासून ती घरात कुणाला बोलू देत नाही.

तुंबाड आधी बघितलेला, परत बघणार नाही, त्यात ती आजी आहे ना, तिच्यामुळे. म्हणजे घाबरतो बहुतेक, लिहिताना लक्षात आलं.

इंटरस्टेलर आज लावला. मका बघितला. झोप आली नाही ताई, खरंच. ते लाटेतून सुटून यानात आले, २३ वर्षं झाली म्हणाले, तो व्हिडिओ बघायला खुर्चीत बसला, आणि लाईट गेली. वायरमनला फोन लावला तर तो म्हणतो फांदी पडलीय, सकाळी बघू. बॅटरी १४ टक्के आहे. पुढे काय होतं ते कोणी सांगू नका.