मराठवाडा-विदर्भाला पॅकेज हवं की कायद्याने बांधलेला वाटा?

गोदाकाठ :
सप्टेंबर 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगरला मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि मराठवाड्यासाठी 45 हजार कोटींहून अधिकचं पॅकेज जाहीर झालं. 2016 च्या बैठकीतला आकडा सुमारे 49 हजार कोटींचा होता. त्यातलं नवं किती, आधीच मंजूर किती आणि प्रत्यक्ष खर्च किती, हे मांडायचं बंधन कुणावर आहे? कुणावरच नाही. घटनेच्या कलम 371(2) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वेगळी विकास मंडळं, त्यांचा दरवर्षी विधानसभेपुढे अहवाल आणि निधीचं समन्यायी वाटप अशी तरतूद आहे. 1994 मध्ये सुरू झालेल्या या मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, मुदतवाढ मिळाली नाही. माझ्या मते ती हवीतच. पॅकेज ही मर्जी असते, वाटा मागता येतो.

वऱ्हाडकर :
असहमत. मंडळं सव्वीस वर्षं होती ना? प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीने 1984 मध्ये राज्याचा अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा मागे पडलेल्या जिल्ह्यांची तूट भरायला लागणारी रक्कम, 3,186 कोटी काढला. निर्देशांक व अनुशेष समितीने 1994 च्या स्थितीवरून तोच 14,006 कोटींवर नेला, त्यात विदर्भाचे 6,624 कोटी.

गोदाकाठ :
हे दोन आकडे वेगवेगळ्या काळच्या किमतींचे आहेत, निकषही सारखे नाहीत. आणि ही वाढ मंडळं येण्याआधीची, तिचं खापर त्यांच्यावर कसं फोडता?

वऱ्हाडकर :
मान्य, पण पुढे तरी काय झालं? अमरावती विभागाचा सिंचन अनुशेष वर्षानुवर्षं रेंगाळला. विदर्भातल्याच गोसीखुर्द धरण प्रकल्पाचं बघा. मूळ किंमत 372 कोटी, भूमिपूजन 1988 चं, 2009 मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा, आणि खर्च कित्येक हजार कोटींवर गेला. तिथे फक्त निधी अडला नव्हता. भूसंपादन अडलं, पुनर्वसन अडलं, कालव्यांची कामं निकृष्ट निघाली. मंडळाला ना ठेकेदाराला जाब विचारता येतो, ना अभियंत्यांची रिक्त पदं भरता येतात. नुसत्या शिफारशी करणाऱ्या मंडळाने आमच्या शेतात पाणी येत नाही.

माणदेशी :
तुम्हा दोघांच्या हिशोबात आम्ही कुठे बसतो? माण, खटाव, आटपाडी, जत हे सगळे दुष्काळी तालुके 'उर्वरित महाराष्ट्रात', म्हणजे पुणे-मुंबईच्या पंगतीला. पुण्याची सुबत्ता धरून सरासरी काढली की आम्ही आपोआप सधन ठरतो. दांडेकर समितीने जिल्हा हा घटक धरला होता, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राचा अनुशेष 1,189 कोटी निघाला आणि मराठवाड्याचा 750. हे कुणी बोलत नाही. वाटपाचं एकक तालुका करा, मग मंडळाला माझाही पाठिंबा.

गोदाकाठ :
तालुका हे एकक मला मंजूर आहे. आमच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्यालाही त्याने न्याय मिळेल. फक्त वाटा कायद्यातच लिहिलेला हवा, ही अट मी सोडणार नाही.

वऱ्हाडकर :
आणि खर्चाचा अधिकार? तो मंत्रालयातच राहणार असेल तर माझा विरोध कायम.