जाम झालेले इंजिन: १९६३चा जॉन डिअर ११०

प्रश्न: ओहायोतील शेजाऱ्यांनी मला हा बागेतला ट्रॅक्टर दिला आहे; मी जुने ट्रॅक्टर दुरुस्त करण्याच्या छंदात अगदी नवखा आहे आणि त्याचे कोहलर कंपनीचे इंजिन हाताने फिरवूनही हलत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: जोर लावू नका. स्पार्क प्लग काढून त्या छिद्रातून गंज सोडवणारे तेल सोडा, आठवडाभर मुरू द्या आणि मग फ्लायव्हील (इंजिनाचे जड फिरते चाक) हळूहळू मागेपुढे करत राहा. माझ्या ट्रॅक्टरचा पिस्टन नवव्या दिवशी केसभर सरकला, तो आनंद मी विसरलेलो नाही.

उत्तर २: त्यानंतर इंजिन ऑइल बदला, पॉइंट्समधील (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या विद्युत संपर्कांमधील) फट ०.०२० इंच ठेवा. रंगाचे काम शेवटी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. प्लगचे टोक काजळीने काळेकुट्ट निघाले. तेल सोडले आहे.