मूळ चित्रासमोर उभं राहिल्यावर: युरोपातले तुमचे अनुभव लिहा

शाळेच्या पुस्तकात, कॅलेंडरवर, मोबाइलवर शेकडो वेळा पाहिलेली चित्रं प्रत्यक्षात कशी निघाली? हॉटेलं, व्हिसा, शाकाहारी जेवणाचे हाल हे सगळं बाजूला ठेवू. इथे फक्त चित्रं, मूर्ती आणि इमारती. सुरुवात मी करते.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात रांगेतून मोनालिसापर्यंत पोचले. चित्र ७७ बाय ५३ सेंटिमीटर, तेही काचेमागे. पुढच्यांनी उंच धरलेल्या मोबाइलवरच ती जास्त दिसली. हिरमुसून मागे वळले, तर समोरची अख्खी भिंत व्हेरोनेझेच्या चित्राने व्यापलेली! बायबलमधलं काना गावचं लग्न, जवळजवळ दहा मीटर रुंद. मध्यभागी येशू, पण भोवती वाढपी, वादक, कुत्री, आपल्याकडच्या पंगतीत असतो तसा सगळा गलका. व्हेनिसच्या एका मठातल्या भोजनगृहासाठी १५६३ साली पूर्ण झालेलं हे चित्र १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने उचलून आणलं. त्याच्याकडे पाठ करून लोक सेल्फी काढत होते. मी मात्र तिथेच रेंगाळले.

सह्याद्रीवेडी
ताई, व्हेनिसला गेलात तर सान जॉर्जो माज्जोरेच्या बेटावर जा. त्याच भोजनगृहात २००७ पासून या चित्राची हुबेहूब प्रतिकृती आहे. नक्कल आहे हे माहीत असूनही मला तिथेच ते जास्त पटलं. चित्रातले खांब खोलीच्या वास्तुरचनेला जुळवून काढलेत, हे पॅरिसमध्ये कळायला मार्गच नाही.

औरंगपुऱ्याचा
मिलानचं 'शेवटचं भोजन', लिओनार्दो दा विंचीने मठाच्या भोजनगृहातल्या भिंतीवर काढलेलं. तिकीट काही महिने आधी काढावं लागतं. छोट्या गटाने आत सोडतात, एकामागून एक बंद होणाऱ्या दारांतून, आणि मिळतात फक्त १५ मिनिटं. चित्र फिकट, खपल्या गेलेलं. ओल्या गिलाव्यावर भरभर काम उरकावं लागतं, लिओनार्दोला ते नको होतं, म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर रंगवलं. त्याच्या हयातीतच रंग सुटू लागला. पुढे १६५२ मध्ये त्याच भिंतीत दार पाडलं आणि येशूचे पाय गेले. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात भोजनगृहाचं छत कोसळलं. वाळूच्या पोत्यांनी झाकलेली ही भिंत तेवढी वाचली.

आम्ही लहानपणापासून अजिंठा बघत आलेलो. तिथली चित्रंही कोरड्या गिलाव्यावरचीच, आणि निजाम सरकारने १९२० च्या सुमारास ती वाचवायला इटलीहूनच संवर्धक आणले होते. त्यांनी लावलेलं शेलॅक (लाखेचं रोगण) नंतर पिवळं पडलं. मिलानमध्ये उभं राहून हेच डोक्यात घोळत होतं. बायको म्हणाली, १५ मिनिटांतली पाच तू अजिंठ्यातच घालवलीस.

नाणेवाला
रोम, पियात्सा नावोना या चौकाजवळचं सान लुईजी देई फ्रांचेझी चर्च. प्रवेश फुकट, आत काराव्हाज्जोची तीन चित्रं. ती ज्या चॅपेलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या छोट्या प्रार्थनास्थानात आहेत, ते अंधारं, पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळाने आपोआप विझतो. मग सगळे एकमेकांकडे बघतात, आता कोण टाकणार! 'मॅथ्यूला बोलावणं' (येशू मॅथ्यूला शिष्य व्हायला बोलावतो ते चित्र) यात प्रकाश उजवीकडून येतो, आणि चॅपेलची खिडकीही त्याच बाजूला आहे. सुटे जवळ ठेवा.

जेजेचा जुना विद्यार्थी
आम्ही ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती समोर ठेवून रेखाटनं घटवली. त्यामुळे फ्लॉरेन्सला मायकेलअँजेलोच्या डेव्हिडच्या पुतळ्यासमोर उभं राहिल्यावर भारावण्याआधी प्रमाणंच बघितली. उंची ५.१७ मीटर. डोकं मोठं, उजवा हात तर फारच मोठा. तो कॅथेड्रलवर उंचावर बसवायचा होता, म्हणून असं केलं असावं, असं सांगतात. सगळे समोरून फोटो काढतात. तुम्ही बाजूला जा. संगमरवराची शिळा किती अरुंद होती ते तिथून कळतं. आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट कोरून टाकून दिलेली शिळा होती ती! चौकातला पुतळा प्रतिकृती आहे. मूळ १८७३ मध्येच अकादेमिया संग्रहालयात हलवला. घाई असेल तर चौकातला बघून पुढे जा, असं लोक सुचवतात. मला ते अजिबात मान्य नाही.

नेदरलँड्समधून
अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' (१६४२). २०१९ पासून त्याचं संशोधन आणि दुरुस्ती काचेच्या खोलीत, प्रेक्षकांसमोरच चालते. भारतातून पाहुणे आले की त्यांना नेतो. निम्मे जण चित्र सोडून काम करणाऱ्यांनाच बघत बसतात. त्यांना मी डावी बाजू दाखवतो. १७१५ मध्ये नगरभवनाच्या भिंतीवर मावेना म्हणून चारही बाजूंनी कापलं, तेव्हा डावीकडची दोन माणसं गेली. ती होती हे कळतं कारण कुणीतरी आधीच एक छोटी नक्कल करून ठेवली होती.

साठी ओलांडलेली
चित्रांतलं फार कळत नाही, पण फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावर चढले. ४६३ पायऱ्या. जिना घुमटाच्या आतल्या आणि बाहेरच्या कवचांमधून जातो, शेवटी तर भिंतच अंगावर झुकते. खालून लाकडी आधार न देता ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये हे उभारलं. विटा माशाच्या काट्यासारख्या तिरक्या गुंफल्यात, म्हणून मधला चुना ओला असतानाही त्या घसरल्या नाहीत. वाटेत त्या हाताशी येतात. गुडघे दुखत असतील तर शेजारचा जॉत्तोचा मनोरा सोपा असेल असं समजू नका. तिथेही ४१४ पायऱ्या आहेत, आणि लिफ्ट नाही.