किटशिवायही जमतं की!

विज्ञानाच्या प्रयोगांचं तयार किट महाग पडतं म्हणून मुलांच्या विज्ञान-थीमच्या वाढदिवसाचा बेतच रद्द करू नका हो. जांभळा कोबी चिरून १० मिनिटं गरम पाण्यात ठेवा आणि गाळा. ते पाणी दोन पेल्यांत घ्या: एकात लिंबू पिळलं की गुलाबी, दुसऱ्यात खायचा सोडा टाकला की निळं-हिरवं. दोन्ही पेले एकमेकांत ओतले की फसफसून फेस! मुलं इथेच अर्धा तास रमतात. (डाग पडतात, जुन्या कपड्यांत या, असं आधीच कळवा.)

दुसरं म्हणजे फुग्यात २ चमचे सोडा भरून तो व्हिनेगरच्या बाटलीच्या तोंडावर चढवायचा. फुगा टम्म फुगतो, पण गाठ मारून सोडला की खालीच येतो, कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड ना! आमच्याकडे यावरून केक कापायचा राहिला होता.