मदत हवी आहे : सीगफ्रीड ससूनच्या युद्धकविता मराठीत आहेत का?

नमस्कार मंडळी, नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात मला ससून या इंग्रज कवीवर बोलायचंय. पहिल्या महायुद्धात गोळीबारातून जखमी सैनिक परत आणले म्हणून १९१६ मध्ये मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक, आणि १९१७ मध्ये याच माणसाचं युद्ध लांबवण्याविरुद्ध जाहीर निवेदन! १९१९ मध्ये तो ‘डेली हेरल्ड’ या ब्रिटिश वृत्तपत्राचा साहित्य संपादक झाला. मला हा संपादकच जास्त भावतो. खंदकातून परतलेल्या एडमंड ब्लंडनसारख्या तरुण कवीला त्यानं उचलून धरलं.

जुन्या मासिकांत त्याच्या कवितांचे अनुवाद कुणी वाचलेत का? झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघात याबाबत कुणाला भेटू? शिवाय कामठीकडचे कुणी निवृत्त फौजी काका असतील तर कृपया कळवा. मी केलेल्या दोन अनुवादांतले खंदकाचे, पहाऱ्याचे शब्द त्यांच्याकडून तपासून घ्यायचेत.