ट्रंकवर नेटिव्ह व्हीलॅन ठेवायचं की सगळंच टॅग करायचं?

रात्रपाळी: माझ्या मते ट्रंकवरून, म्हणजे अनेक व्हीलॅनची (एकाच स्विचवर वेगळी ठेवलेली नेटवर्कं) रहदारी एकत्र नेणाऱ्या पोर्टवरून, एकही फ्रेम (डेटाचं पाकीट) विनाटॅग जाता कामा नये. टॅग म्हणजे पाठवणाऱ्याच्या मॅक (हार्डवेअरच्या) पत्त्यानंतर घुसवलेले ४ बाइट, त्यातल्या १२ बिटांत व्हीलॅनचा नंबर. पलीकडचा स्विच तो वाचून फ्रेम कुठली ते ओळखतो. टॅगच नसेल तर आपल्या नेटिव्ह व्हीलॅनमध्ये ढकलून मोकळा! गेल्या महिन्यात एका टोकाला नेटिव्ह १ होतं, दुसऱ्याला चुकून ९९ राहिलं. स्विच वेगवेगळ्या कंपन्यांचे, त्यामुळे इशाराही नाही. लिंकचा दिवा हिरवा, एरर शून्य, आणि दोन व्हीलॅन एकमेकांत मिसळलेले. मी अर्धी रात्र केबली बदलत बसलो.

जुनी_केबल: चूक तुमची, शिव्या नेटिव्हला. दोन्ही टोकं जुळवायची होती. आणि "एकही फ्रेम" म्हणताय, तर स्विच आपसात पाठवतात ते एसटीपी आणि एलएलडीपीचे निरोप विनाटॅगच जातात, त्यांचं काय करणार? शिवाय वायफायचा नवा अ‍ॅक्सेस पॉइंट खोक्यातून काढला की त्याला व्हीलॅन ठाऊक नसतं, तो आयपी विनाटॅगच मागतो. चाळीस पॉइंट आधी टेबलावर मांडून कॉन्फिगर करा, मग कळेल.

पोर्ट_२४: दुहेरी टॅगचा विषय कुणी काढलाच नाही? नेटिव्हमधल्या अ‍ॅक्सेस पोर्टवरून (संगणक जोडायचा, एकाच व्हीलॅनचा पोर्ट) कुणी दोन टॅगांची फ्रेम सोडली आणि स्विचने ती अडवली नाही, तर तो बाहेरचा, नेटिव्हचा टॅग काढून ती ट्रंकवर पाठवतो. पुढचा स्विच आतला टॅग वाचतो, की फ्रेम भलत्याच व्हीलॅनमध्ये. उत्तर परत येत नाही हे खरं, पण त्रास द्यायला एकतर्फी वाटही पुरते.

जुनी_केबल: मग नेटिव्हला असा नंबर द्या जो एकाही अ‍ॅक्सेस पोर्टवर नाही. वापरता येण्याजोगे ४०९४ आहेत, एक वाया गेला तर काय बिघडलं?

रात्रपाळी: नेटिव्ह रिकामं ठेवलं तर तुमचा अ‍ॅक्सेस पॉइंट आयपी मागणार कुणाकडे?

जुनी_केबल: नेटिव्ह पोर्टागणिक ठरतं हो, अख्ख्या स्विचला एकच नसतं. पॉइंटच्या पोर्टवर मॅनेजमेंटचं (उपकरणं सांभाळायचं) व्हीलॅन नेटिव्ह, स्विच ते स्विच रिकामं.

रात्रपाळी: म्हणजे दोन स्विचांमध्ये कामाचं सगळं टॅग लावूनच. मी वेगळं काय म्हणालो?

जुनी_केबल: तुम्ही "ट्रंक" म्हणालात. पॉइंटचा पोर्टही ट्रंकच असतो.