इंग्लंडमधलं बर्कनहेड पार्क पाहिलंय का? तुमचे अनुभव लिहा

परवा आईला घेऊन गेले तेव्हापासून डोक्यात होतं, विरलला (बर्कनहेड जिथे आहे तो लिव्हरपूलच्या नदीपलीकडचा भाग) किंवा लिव्हरपूलला राहिलेल्यांनी इथे लिहावं म्हणून. सुरुवात मीच करते. आई साडीवर माझं जाडजूड जॅकेट आणि पायात स्पोर्ट्स शूज अशा अवतारात तळ्याकाठी चालत होती, दर वळणाला "संपलं बाई" म्हणायची आणि पुढे परत पाणी! शेवटी म्हणाली, ज्याने हे केलंय ना त्याने ठरवलंच होतं की एका दमात काही दाखवायचं नाही. तो माणूस जोसेफ पॅक्स्टन. जागा दलदलीची, त्याने तळी खोदली आणि निघालेल्या मातीचे उंचवटे केले, त्यामुळे पलीकडचं दिसतच नाही. ५ एप्रिल १८४७ ला बाग खुली झाली, लोकांच्या पैशातून, सगळ्यांना फुकट.

*

ताई, मी तिथेच पहिल्यांदा भिजले :) नाइट ड्युटी करून सकाळी घरी जायच्या ऐवजी बागेत गेले, धो धो आला, तर त्या छपरवाल्या लाकडी पुलात, स्विस ब्रिज म्हणतात तो, उभी राहिले. डब्यातली पोळी गार पडून चामड झालेली, तीच गुळासोबत खाल्ली. एक आजोबा कुत्र्याला घेऊन आले, बराच वेळ काहीतरी बोलले, इथला अॅक्सेंट तेव्हा मला ओ की ठो कळायचा नाही, मी नुसती हसत होते. कुत्रं मात्र पोळीकडे बघत होतं. दिला तुकडा.

*

लिव्हरपूलहून ट्रेन नदीखालून जाते, जेम्स स्ट्रीटनंतर तिसरं स्टेशन बर्कनहेड पार्क. मी स्टुडंट होतो, खिशात पैसे नाहीत, रविवारी हाच टाइमपास. आत क्रिकेट क्लब आहे, १८४६ चा, म्हणजे बागेच्या उद्घाटनाच्याही आधीचा! बाउंड्रीला बसून एका कॅचवर जोरात "आउटेsss" ओरडलो, सगळं ग्राउंड वळून बघायला लागलं.

*

आम्ही न्यू जर्सीवाले, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचं कौतुक करून थकत नाही. तर ते पार्क ज्याने घडवलं तो अमेरिकन ओल्मस्टेड १८५० मध्ये बर्कनहेडला आला तेव्हा एका बेकरीवाल्याने त्याला आग्रह केला होता, आमची नवी बाग बघितल्याशिवाय जाऊ नका म्हणून. त्याने बघितली, आणि पुढे व्हॉक्स या आर्किटेक्टबरोबर सेंट्रल पार्कचा आराखडा केला. मी मुद्दाम वाकडी वाट करून गेलो, बायको वैतागली, पण तळ्याच्या वळणावर तीच म्हणाली की अरे हे तर आपल्याकडचंच वाटतंय.

*

पुणेकर असल्याने खवचटपणा करतो. आपल्याकडे आधी प्लॉट पाडतात आणि उरलेल्या त्रिकोणाला उद्यान म्हणतात. यांनी २२६ एकर घेतली, १२५ एकर बागेला ठेवली आणि कडेचे प्लॉट घरांसाठी विकून पैसे उभे केले. बाकी बदकं लाडावलेली आहेत, लेकीच्या हातातली चकली नेली, ती अजून विसरली नाही.

*

धागा काढणारी परत आलीये. आईला सगळं वाचून दाखवलं. सेंट्रल पार्क वगैरे ठीक आहे म्हणाली, पण तो बेकरीवाला काय विकायचा ते कोणी लिहिलं नाही.